वन्सं, शैला सोळा वर्षांची झाली

वन्सं, परवा आपल्या शैलाला सोळा पूर्ण झाली.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. यंदा गोडधोड नाही, ओवाळणं नाही, असं मी आणि ह्यांनी आधीच ठरवलं होतं. रविवार म्हणून मी जरा उशिरा उठले, आणि बघते तर पोरगी स्वयंपाकघरात खलबत्त्यात भाजलेले शेंगदाणे कुटत बसलेली. बाजूला गूळ चिरून ठेवलेला.

"काय चाललंय गं?"

"शेंगाच्या पोळ्या. आत्तीसारख्या व्हायच्या नाहीत, पण करते."

"यंदा काही करायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"आपल्यासाठी नाहीत, आई. मामांना न्यायच्यात. साडेदहाची अक्कलकोट गाडी धरते. तू येणार असशील तर चल."

मामा म्हणजे तुमचा नवरा, माझे दाजी. मूल होत नाही म्हणून ज्यानं तुम्हाला तुमच्या ट्रंकेसकट माहेरच्या अंगणात आणून सोडलं आणि पाणीही न पिता परत गेला, तो माणूस. त्याला भेटायला ही पोरगी आपल्या वाढदिवसाला पोळ्या घेऊन निघाली होती. "जाऊ का?" असं तिनं विचारलं नव्हतं. "जाते" असं सांगितलं होतं.

माझं डोकं तापलं की मधे पडायला या घरात तुम्ही होतात. आता मधे पडायला कुणी नाही, म्हणून मी हल्ली गप्प बसायला शिकतेय. मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि साडी बदलायला गेले.

साडी बदलताना ती जन्मली तो दिवस आठवला. माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला मी तुमच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासरी, सांगोल्याकडं आले होते. रानात ज्वारी पोटरीला आलेली. दुपारी कळा सुरू झाल्या आणि सुईण आली तीच तुम्हाला बघून दारात थांबली. "हिला भायेर काढा आदी. वांजुट्या बाईचं हितं काय काम?" सगळ्या बायका गप्प. सासूबाईंनीही खाली बघितलं. तुम्ही मुकाट्यानं उठलात. तेव्हा मी तुमचा हात धरला. मोठेपणानं नव्हे, वन्सं. खरं सांगते, मला कुणाचा तरी हात हवा होता आणि तुमचा जवळ होता. पण तुम्ही ते जन्मभर लक्षात ठेवलंत. शैला आली ती तुमच्या ओंजळीत आली. "पोरगी हाय सुमन, लई गोड हाय की गं," म्हणालात आणि रडायला लागलात. मी हसत होते आणि तुम्ही रडत होतात. कुणाला वाटावं, तुम्हीच बाळंतीण.

माझी तीन महिन्यांची रजा संपली. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सोडणं मला जमणारं नव्हतं, आणि मनातूनही सोडायची नव्हती. तेव्हा तुम्ही आपणहून म्हणालात, "मी येते की सोलापूरला. हितं तरी माझं कोण वाट बगतंय?" तुम्ही शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आलात. थोडे दिवस म्हणून आलात आणि पंधरा वर्षं राहिलात.

तुमची आणि माझी भांडणं पुष्कळ झाली. मी पोरीला बाटलीनं दूध पाजायची, तुम्ही वाटी-चमच्यानं. मी पावडर लावायची, तुम्ही हळद आणि दुधाची साय. ती अकरा वर्षांची असताना तुम्ही तिला तासाच्या भाड्यानं सायकल आणून दिलीत. मी सकाळची ड्यूटी करून घरी येते तर गल्लीत हा तमाशा. तुम्ही साडीचा ओचा खोचून सायकलच्या मागं पळताय, आणि समोरच्या दुकानातला म्हातारा काउंटर सोडून बघायला बाहेर आलाय. "पडेल ती!" म्हणून मी ओरडले. तुम्ही धापा टाकत म्हणालात, "पडली तर पडली की. मी हाय की मागं." ती पडली. गुडघा सोलला. तुम्ही हसलात, म्हणून तीही हसली. मी मात्र दोघींशी दोन दिवस बोलले नाही.

पण या सगळ्याच्या कितीतरी आधीचं एक भांडण आहे. त्याबद्दल आपण पुढं कधीच बोललो नाही.

शैला तेव्हा तीन वर्षांची होती. मी घरी आले, चपला काढत होते. ती उंबऱ्याला अडखळून तोंडावर आपटली आणि ओठ फुटला. मी हात पुढं केले. ती माझ्या हाताखालून पळाली आणि "आई गं, आई" म्हणत तुमच्या मांडीत शिरली. तुम्ही तिचा ओठ पदरानं दाबलात आणि तशाच वर माझ्याकडं बघितलंत. मी जे बोलले ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "वन्सं, आई कोण ते तिला जरा शिकवा. तुम्हाला नाही झालं म्हणून माझं घ्यायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेळी व्यायलीय म्हणून गावी गेलात. जाताना तिच्या झबल्यांच्या घड्या घालून ठेवल्या होत्या.

पाच दिवस तिनं खाल्लं ते नावापुरतं. शेजारच्या तेलुगू आजी तिला घेऊन बसायच्या, ती दाराकडं तोंड करून बसायची. सहाव्या दिवशी मी रजा टाकली आणि एसटीनं तुमच्या गावी आले. तुम्ही विहिरीवर धुणं धूत होता. माफी मागायची म्हणून वाटेत मी काय काय जुळवलं होतं. तुम्हाला बघितलं आणि एवढंच बोलले, "शैला जेवत नाही."

तुम्ही हातातलं लुगडं पिळून खांद्यावर टाकलंत. "मी रागावून न्हाय आले, सुमन. माजंच चुकत हुतं. ती आई म्हणायची आन् मला ग्वाड वाटायचं, म्हणून मी टोकत नव्हते. आता टोकीन." आणि तशाच ओल्या कपड्यांनिशी घराकडं निघालात, सामान घ्यायला.

परत आल्यावर तुम्ही ते खरं केलंत. ती आई म्हणाली की तुम्ही ओ द्यायचा नाहीत. माझ्याकडं बोट दाखवायचात. ती रडायची, तरी तुम्ही ओ द्यायचा नाहीत. महिनाभरात ती आत्ती म्हणायला लागली. मी ते सगळं बघत होते. एकदा तरी म्हणायला हवं होतं, "राहू द्या वन्सं, दोन आया असल्या म्हणून काय बिघडलं?" नाही म्हणाले. मला ते हवंच होतं, वन्सं. मिळालं आणि मी घेतलं.

आता या वर्षाचं. जूनमध्ये शैलाची दहावी सुरू झाली आणि त्याच महिन्यात तुमच्या नावचं कार्ड आलं. दाजींच्या गावच्या शाळामास्तरांनी लिहिलेलं. दाजींना अर्धांगवायू झाला होता, उजवं अंग गेलं होतं. दुसरी बायको तीन वर्षांपूर्वीच वारलेली. तिलाही मूल नव्हतं. पुतण्या होता, तो रानातलं बघायचा की दाजींना उचलायचा? कार्ड शैलानंच तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही पुन्हा एकदा वाचायला लावलंत आणि म्हणालात, "मी जाते."

मी किती बोलले त्या संध्याकाळी! "ज्यानं घालवलं त्याची घाण काढायला जाताय? वीस वर्षांत एकदा तरी त्यानं विचारलं, जिवंत आहे का मेली?"

"त्येच्यासाठी न्हाय जात," तुम्ही म्हणालात.

"मग कुणासाठी?"

"ते तुला सांगता यायचं न्हाय मला."

"पोरीचं दहावीचं वर्ष आहे. तिला सोडून?"

तेव्हा शैला अभ्यास बाजूला ठेवून उठली. "आई, माझं नाव घेऊ नकोस. तुला ती इथं पाहिजे, तुझ्यासाठी. तिला काय पाहिजे ते तू कधी विचारलंस?"

मी तिच्या थोबाडीत मारली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही मधे आला नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच मधे आला नाहीत, फक्त तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिलात. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. मी ड्यूटीवर होते. हे आणि शैला तुम्हाला स्टँडवर सोडून आले.

शैला तुम्हाला दर आठवड्याला कार्ड टाकायची. मास्तर तुम्हाला वाचून दाखवायचे, तुमचं उत्तर लिहायचे. प्रत्येक उत्तरात "सुमन बरी हाय का" असायचं. शैला ते मोठ्यानं वाचायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. मी भाजी चिरत असायची. चार महिन्यांनी तुम्हाला कावीळ झाली. शेवटच्या कार्डात ते नव्हतं, तुम्हीच लिहू दिलं नसणार. तार आली आणि आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. चुलीपाशी तुमची चोळी वाळत होती. त्या दिवशी मला कुणाशी बोलणं सुधरलं नाही. दाजींच्या खोलीत तर मी पाऊलही टाकलं नाही.

म्हणून परवा गाडीत बसतानाच मी कंडक्टरला परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवली. शैलाच्या मांडीवर पोळ्यांचा डबा. तिनं माझी जुनी हिरवी साडी नेसली होती. कधी काढून घेतली होती, देव जाणे. अक्कलकोटला उतरून दुसरी गाडी धरली, पुढं कोसभर चालत. ती माझ्या पुढं चालत होती आणि तिच्या चालण्यात मला तुम्ही दिसत होता. तेच दोन्ही हात मोकळे सोडून, जरा पुढं वाकून चालणं. पोरी आईवर जातात की बापावर, असं लोक बोलतात. चालणं मात्र बोट धरून चालवणाऱ्यावर जातं, हे मला सोळा वर्षांनी दिसलं.

दारात शेजारीण होती, गौरव्वा. "बर्री, कुंदर्री," म्हणजे या, बसा, म्हणत तिनं घोंगडं अंथरलं. मग शैलाकडं निरखून बघत कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "ही तीच काय? कार्डवाली? त्या दिवशी गर्दीत विचारायचं राहिलं."

"कार्डवाली म्हणजे?" मी विचारलं.

आणि तिनं जे सांगितलं, ते वन्सं, तुम्ही मला सांगता यायचं नाही म्हणाला होता ते असावं.

तुम्ही आलात त्या दिवशी अर्धं गाव अंगणात जमलं होतं. घालवलेली बायको परत आली, आता रडणार, पाया पडणार, म्हणून. तुम्ही ट्रंक खाली ठेवलीत आणि बाजेवरच्या माणसाला सगळ्यांदेखत म्हणालात, "वळखलंस का? तू वांज म्हणून सोडलेली ती मी. सोलापुरात माजी पोरगी हाय. धावीत हाय. आता तोंड उघड, पाणी पाजते." आणि पाणी पाजलंत. दर आठवड्याला मास्तर आले की तुम्ही त्यांना आत येऊ द्यायचा नाहीत. बाहेर कट्ट्यावर बसवायचात आणि म्हणायचात, "मोट्यानं वाचा मास्तर, माज्या लेकीचं कार्ड हाय." आळीतल्या बायका कामं टाकून यायच्या. शैलाला गणितात किती मार्क पडले हे त्या गावात सगळ्यांना पाठ होतं.

"रोज त्याचं अंग पुसायची, भरवायची," गौरव्वा म्हणाली. "पण बोलायची नाही बघा. पहिल्या दिवशी बोलली तेवढंच. शेवटी शेवटी बोलायला लागली. तो रडायचा ना सारखा. मग तिला दया आली."

मी भिंतीला टेकले. मला वाटत होतं, तुम्ही तिथं मान खाली घालून गेलात. ज्या दारातून तुम्हाला काढलं, त्या दारात तुम्ही ताठ मानेनं उभ्या राहायला गेला होतात. आणि ते सांगायला तुमच्याकडं जो शब्द होता, तो तुम्हाला या घरात बोलायची सोय नव्हती. ती माझ्यामुळं नव्हती.

शैला केव्हाच आत गेली होती. मी दारापर्यंत गेले. दाजी बाजेवर पडलेले, हाडांचा सापळा, तोंड एका बाजूला ओढलेलं. ती पोळीचे बारीक तुकडे दुधात भिजवून भरवत होती. त्यांनी काहीतरी विचारलं. मला कळलं नाही, तिला कळलं असावं.

"मी शैला. तुमच्या बायकोची मुलगी," ती म्हणाली.

असं म्हणून तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. भीती नव्हती त्या नजरेत, पण मी काय करते ते ती बघत होती. वन्सं, मी आत गेले. दाजींच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "हो दाजी. वन्संचीच ती. त्यांनीच वाढवलीय." दाजींच्या धड असलेल्या डोळ्यातून पाणी आलं. तोंडातून "चुक, चुक" असं काहीतरी आलं. त्यांचं चुकलं की माझं, असं माझ्या मनात आलं. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. राग कुठं गेला ते मला समजलं नाही.

पुतण्याशी बोललो. दाजींनी तिथंच राहायचं म्हटलं, तर रोजचं बघायला गौरव्वा तयार आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघी जाऊ. हे शैलानं ठरवलं, मी हो म्हणाले.

परतीच्या गाडीत खिडकीशी ती, शेजारी मी. उन्हं कलली होती. रिकामा डबा तिच्या मांडीवर. तिच्या गालाकडं बघत होते, आणि त्याच गालावर मी जूनमध्ये मारली होती. मग न राहवून बोलले.

"शैला, आत्ती गेली त्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी नव्हती. मी मागून घेतली होती. माझी दुपारची होती, ती दुसरीच्या सकाळच्या ड्यूटीशी बदलली. स्टँडवर यायला लागू नये म्हणून."

ती बाहेरच बघत होती. "माहीत आहे मला."

"कसं?"

"तू आदल्या दिवशी बाबांना दुपारची ड्यूटी म्हणाली होतीस. आत्तीनंही ऐकलं होतं."

"मग? काही म्हणाली?"

"मीच रडत होते स्टँडवर. म्हणाले, आई मुद्दाम आली नाही. तर आत्ती म्हणाली, 'बरं झालं आली न्हाय. ती समोर असती तर माजा पाय निगाला नसता. हक्कानं रागावणारं तेवडं एकच माणूस हाय मला. त्येच्या म्होरनं कशी जाऊ?'"

गाडी कुठल्याशा फाट्यावर थांबली, माणसं उतरली, चढली. मी तोंडाला पदर लावून बसले. गाडी सुटल्यावर विचारलं, "एवढे दिवस सांगितलं का नाहीस मला?"

"आधी रागावले होते तुझ्यावर. पण आत्तीनंच बजावलं होतं, 'आपणहून तिनं काडल्याबिगर सांगू नगंस. तिला लाज वाटंल.' ती गेल्यावर तू रडत होतीस, तेव्हा फार वाटलं सांगावं. पण तू काढलं नाहीस."

वन्सं, तुम्ही पंधरा वर्षांच्या पोरीच्या हाती हे देऊन गेलात. माझी लाज राखायचं काम. आणि तिनं ते राखलं. मी तिच्याकडं बघत राहिले. लहानपणी तिला वाढदिवसाला नवीन फ्रॉक घातला की मी म्हणायची, किती मोठी झाली माझी बाई. फ्रॉकच्या मापावरून म्हणायची मी ते. कधी मोठी झाली ते मी बघितलंच नाही. मी बोर्डावर बसून परक्या माणसांच्या लाइनी जोडत होते, आणि इकडं तुम्ही तिला घडवत होता. पाच फूट उंचीची एक बाई माझ्या शेजारी बसली होती. तिला मी जन्म दिला होता. पण तिच्यासारखं वागायला मला अजून शिकायचंय.

सोलापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा ती म्हणाली, "आई, आत्ती कुणालाच 'जा' म्हणायची नाही गं. दारातून निघणाऱ्या माणसाला 'या' म्हणावं, असं मला सारखी सांगायची. त्या दिवशी गाडी हलली आणि माझ्या तोंडातून तेवढंही निघालं नाही. हात हलवत राहिले नुसती."

तिचंही राहिलं आणि माझंही. ती कार्डं लिहीत होती, तिला तुम्ही कळल्या होतात. माझं मात्र सगळंच राहिलं. म्हणून आज हे लिहायला बसले. ती समोर बसून गणितं सोडवतेय, मधूनच बघतेय मी काय लिहितेय ते.

वन्सं, मी रागावलेली नाही. पोरगी चांगली आहे. या.